दहा 'आय' नाणी: ऑस्ट्रेलियाच्या जुन्या पेनीचा छंद कुठून सुरू करावा

मेलबर्नच्या रविवारच्या बाजारात एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर बिस्किटांचा डबा होता, जुन्या पेन्यांनी काठोकाठ भरलेला. कोणतीही उचला, एकच दर. मी सहज चाळत होतो. 1943 ची एक पेनी हाताला लागली आणि मागच्या बाजूला 'पेनी' या शब्दाच्या अलीकडे एक, पलीकडे एक असे दोन बारीक ठिपके दिसले. पालथी केली, तर राजाच्या गळ्याखाली टाचणीच्या टोकाएवढा इंग्रजी 'आय'. आय म्हणजे इंडिया. हे नाणं मुंबईत, फोर्टातल्या टांकसाळीत पाडलेलं होतं. त्या टांकसाळीवरून मी अनेक वर्षं बसने गेलो होतो आणि आत कांगारू छापले गेलेत याची मला गंधवार्ता नव्हती.

त्या पेनीने मला या नादाला लावलं. ज्यांना हा छंद लावून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख. नवशिक्याने 1930 च्या दुर्मिळ, महागड्या पेनीमागे धावू नये, आधी नाणं वाचायला शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मराठी माणसाने वाचायला शिकायचं तर भारतात पाडलेल्या दहा नाण्यांपासून, कारण ती परवडतात आणि त्यांच्यात जवळपास सगळी अक्षरओळख होऊन जाते.

पहिली पायरी: हिशेब समजून घ्या

ऑस्ट्रेलियात 14 फेब्रुवारी 1966 रोजी दशमान चलन आलं. त्याआधी पौंड, शिलिंग, पेन्स. 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. आपल्याकडे 12 पैंचा आणा आणि 16 आण्यांचा रुपया होता, त्यामुळे आजी-आजोबांचा हिशेब ऐकलेल्याला हे परकं वाटणार नाही.

तांब्याची म्हणून ओळखली जाणारी नाणी दोनच: पेनी आणि हाफपेनी. दोन्ही 1911 ते 1964 या काळातली. पेनी साधारण 31 मिलिमीटर व्यासाची आणि साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, हाफपेनी साडेपंचवीस मिलिमीटरची आणि 5.67 ग्रॅमची. खरं तर ही नाणी कांशाची, म्हणजे मुख्यतः तांबं आणि त्यात थोडं जस्त नि कथील. पण बाजारात सगळे 'कॉपर'च म्हणतात, मीही तांब्याचीच म्हणणार.

1911 च्या आधी तांब्याची ब्रिटिश नाणी चालत. शिवाय 1849 पासून व्यापाऱ्यांनी स्वतःच्या नावाचे तांब्याचे टोकन काढले होते. तो विषय सुंदर आहे, पण वेगळा आहे. सुरुवातीला त्यात पाय घालू नका, दोन्हीकडचं अर्धवट राहतं.

दुसरी पायरी: चार वस्तू

दहापट मोठं दाखवणारं भिंग, शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, टेबलावरचा वाकवता येणारा दिवा आणि एक मऊ कापड. मोठी भिंगं घेऊ नका. वीसपट भिंगात नाण्याचा इतका लहान तुकडा दिसतो की आपण नेमके कुठे आहोत तेच कळत नाही.

दिवा समोरून न धरता बाजूने, जवळपास आडवा धरायचा. नाणं बोटांनी कडेने पकडायचं आणि दिव्याखाली हळूहळू फिरवायचं. झिजलेला आय, पुसट ठिपका, खरवडलेला अंक, सगळं या तिरप्या उजेडात वर येतं. नाणं खाली कापडावर धरा. फरशीवर पडलेल्या पेनीच्या कडेला जो खड्डा पडतो तो कायमचा.

तिसरी पायरी: राजा वाचा

पुढच्या बाजूला तीनच चेहरे येतात. पाचवा जॉर्ज मुकुटधारी, 1911 ते 1936. सहावा जॉर्ज बोडक्या डोक्याचा, 1938 ते 1952. एलिझाबेथ 1953 ते 1964.

पाचव्या जॉर्जचं चित्र मेलबर्नमध्येच जन्मलेल्या बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराचं. खांद्याच्या कापलेल्या कडेवर त्याची आद्याक्षरं 'बी. एम.' असतात. तुमच्या घरी पाचव्या जॉर्जचा चांदीचा रुपया असेल तर काढून बघा. त्यावरचा राजाही याच माणसाने घडवलाय आणि तिथेही तीच दोन अक्षरं सापडतील.

आता कडेने फिरणारा लॅटिन मजकूर. त्यात 'आय-एन-डी आय-एम-पी' अशी दोन लघुरूपं येतात, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. ही उपाधी 1948 च्या नाण्यांपर्यंत टिकली, 1949 पासून गेली. भारत स्वतंत्र झाला 1947 मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पेनीला ती बातमी पोचायला दोन वर्षं लागली म्हणायची. 1948 ची आणि 1949 ची पेनी शेजारी ठेवून दाखवली की नाण्यांत रस नसलेले पाहुणेही भिंग मागतात.

एलिझाबेथच्या नाण्यांवरही अशी एक गंमत आहे. 1953 च्या नाण्यांतून 'धर्मरक्षक' या अर्थाची 'एफ-डी' ही अक्षरं गळाली, ओरड झाली आणि 1955 पासून ती परत आली.

चौथी पायरी: पाठ वाचा

खरी मजा मागच्या बाजूला. पाचव्या जॉर्जच्या सगळ्या तांब्याच्या नाण्यांवर मागे फक्त अक्षरं आहेत: कडेने 'कॉमनवेल्थ ऑफ ऑस्ट्रेलिया', मध्ये किंमत, त्याच्या वर-खाली वेलबुट्टी आणि तळाला साल. दिसायला रुक्ष. कांगारू आला तो पेनीवर 1938 मध्ये आणि हाफपेनीवर 1939 मध्ये. त्यामुळे 1939 ची हाफपेनी दोन तऱ्हेची मिळते, जुन्या अक्षरांची आणि कांगारूची. कांगारूची कमी निघाली, म्हणून महाग. कांगारूचं चित्र जॉर्ज क्रूगर ग्रे याचं, त्याची आद्याक्षरं 'के. जी.'. ही दोन अक्षरं लक्षात ठेवा, पुढे कामी येतील.

आता टांकसाळीच्या खुणा. अगदी सुरुवातीची नाणी लंडनला पाडली, त्यांवर खूण नाही. काही काम बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीला दिलं गेलं. 1912 ते 1915 मधल्या ज्या नाण्यांवर सालाखाली 'एच' दिसतो ती तिथली. पहिलं महायुद्ध सुरू झालं, इंग्लंडहून माल येणं अवघड झालं, तेव्हा काम कलकत्त्याला आलं. 1916, 1917 आणि 1918 ही तिन्ही वर्षं पेनी नि हाफपेनी कलकत्त्याची, मागच्या बाजूला छोटा आय.

1919 पासून मेलबर्न आणि सिडनीच्या टांकसाळींनी हे काम हाती घेतलं. दुसऱ्या महायुद्धात मागणी पुन्हा फुगली. ऑस्ट्रेलियाची चांदीची नाणी अमेरिकेत पाडून आणली गेली आणि तांब्याची 1942 नि 1943 मध्ये मुंबईत. पर्थची टांकसाळही याच काळात तांब्याच्या कामाला लागली. पर्थची खूण एक ठिपका: 1940-41 च्या नाण्यांवर 'के. जी.' मधल्या जी नंतर, पुढच्या बऱ्याच नाण्यांवर 'पेनी' शब्दाच्या शेवटच्या वाय नंतर. 1951 च्या काही नाण्यांवर 'पी. एल.' असतं, ती लंडनची.

पर्थ आणि मुंबई यांत नवे लोक हमखास घोटाळा करतात. 1943 च्या पेनीवर वायनंतर ठिपका दिसला की ती पर्थची समजून मोकळे होतात. 'पेनी'च्या आधी ठिपका आहे का ते बघा. एकच असेल तर पर्थ, दोन्हीकडे असेल तर मुंबई. मुंबईच्या नाण्यांवरचा आय राजाच्या गळ्याखाली असतो आणि झिजलेल्या नाण्यावर तो नाहीसा झालेला असू शकतो. तेव्हा ठिपक्यांवर विश्वास ठेवा.

एक गोष्ट भारतीय नाणी जमवणाऱ्यांना खटकेल. आपल्या नाण्यांवर आज मुंबईची खूण चौकटीच्या आकाराची असते, मग इथे आय का? कारण हा आय एका शहराचा नाही, अख्ख्या देशाचा. कलकत्त्यालाही तोच, मुंबईलाही तोच. 1918 मध्ये मुंबईत सोन्याच्या सॉव्हरीन पाडल्या गेल्या, त्यांवरही आयच आहे.

पाचवी पायरी: दहा नाण्यांचा संच

पेनी: 1916, 1917, 1918, 1942, 1943. हाफपेनी: तीच पाच वर्षं. झाली दहा.

मुंबईची चार नाणी आधी घ्या. ती मुबलक आहेत आणि चांगल्या स्थितीतही खिशाला फार चाट देत नाहीत. मग 1916 आणि 1917. 1918 ची दोन्ही शेवटी, कारण ती कमी निघाली आणि जी मिळतात ती बहुतेक घासून गुळगुळीत झालेली. 1918 ची हाफपेनी घेताना घाई करू नका. वर्षभर थांबावं लागलं तरी चालेल.

हा संच जमवता जमवता तुम्ही तीन टांकसाळी ओळखायला लागता (पर्थ आपोआप कळते, कारण मुंबई शोधताना तीच सारखी हाताशी येते), दोन राजे ओळखता, झीज ओळखता. एवढं आल्यावरच प्रकारांच्या जंगलात शिरा.

सहावी पायरी: प्रकार, म्हणजे एकाच सालाचे अनेक चेहरे

नाणं पाडायला दोन ठसे लागतात, वर एक आणि खाली एक. ठसे झिजतात, फुटतात, बदलले जातात. नवा ठसा जुन्यासारखा हुबेहूब निघाला नाही की प्रकार जन्माला आला.

सगळ्यात सोपे प्रकार 1919 आणि 1920 च्या पेन्यांचे. मधल्या अक्षरांखाली जी वेलबुट्टी आहे तिच्या वर किंवा खाली एक ठिपका असतो, किंवा नसतो. खालचा ठिपका मेलबर्नचा, वरचा सिडनीचा असं मानतात. दोन्ही ठिपके असलेली नाणी दुर्मिळ. झिजलेल्या नाण्यावर ठिपका आणि खरचटा यांत फरक कसा करायचा? खरा ठिपका पृष्ठभागातून वर आलेला असतो, तिरप्या उजेडात त्याची एका बाजूला सावली पडते. खरचटा खड्डा असतो, त्याची सावली उलट बाजूला.

1931 च्या पेनीत शेवटचा एक कधी बाकीच्या अंकांच्या रांगेत असतो, कधी घसरून खाली आलेला. 1933 च्या काही पेन्यांवर शेवटच्या तीनच्या खालून जुना दोन डोकावतो: आदल्या वर्षीचा ठसा दुरुस्त करून वापरल्याची खूण.

याहून बारीक प्रकरण म्हणजे 'इंडियन ऑब्व्हर्स' आणि 'इंग्लिश ऑब्व्हर्स' (ऑब्व्हर्स म्हणजे नाण्याची पुढची बाजू). पाचव्या जॉर्जच्या चेहऱ्याचे ठसे दोन घराण्यांचे आहेत, एक कलकत्त्याच्या वंशातलं, एक लंडनच्या. कडेच्या मण्यांची संख्याही दोन्हींत वेगळी. पण मणी मोजत बसू नका, डोळे जातील. मजकुरात 'ओ-एम-एन' शोधा, त्यातल्या एनची शेवटची उभी रेषा वर वाढवली तर ती मण्यावर जाते की दोन मण्यांच्या फटीत, हे बघा. कोणतं घराणं कोणतं ते कॅटलॉगातल्या मोठ्या छायाचित्राशी ताडून ठरवा. कलकत्त्याच्या घराण्याचे ठसे मेलबर्नमध्ये पुढे बराच काळ वापरात होते. 1930 च्या प्रसिद्ध पेन्यांपैकी बहुतेकांवर राजाचा चेहरा याच घराण्याचा आहे!

कलकत्त्याचा सगळ्यात मोठा किस्सा मात्र एका चुकीचा आहे. 1916 मध्ये तिथे भारताचा पाव आणा आणि ऑस्ट्रेलियाची हाफपेनी, दोन्ही पाडली जात होती. आकार जवळपास सारखाच. कधीतरी कोणाच्या तरी हातून यंत्रावर एका बाजूला पाव आण्याचा ठसा चढला आणि दुसऱ्या बाजूला हाफपेनीचा. निघालेल्या नाण्यावर पुढे आपला 'किंग एम्परर' आणि मागे 'कॉमनवेल्थ ऑफ ऑस्ट्रेलिया'. संग्राहक अशा नाण्याला म्यूल म्हणतात, खेचर! अशी नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माहीत आहेत. म्हणून 1916 ची कुठलीही हाफपेनी हाती आली की नुसती मागची बाजू पाहून पेटीत टाकायची नाही, पालथी करायचीच. मला ती कधी मिळेल असं वाटत नाही. तरी पालथी करतोच.

सातवी पायरी: मोठी नावं आणि मोठ्या फसवणुकी

1930 ची पेनी ऑस्ट्रेलियात शाळकरी पोरांनाही माहीत असते. मंदीचं वर्ष, नव्या पेन्यांची गरज नव्हती, तरी मेलबर्नमध्ये थोड्या पाडल्या गेल्या आणि चलनात गेल्या. किती, याची नोंद नाही. अंदाज सुमारे पंधराशेचा. आज झिजलेलीही हजारो डॉलरला जाते. म्हणूनच तिच्या नकला ढिगाने आहेत. 1936 च्या सहाचा शून्य करतात, 1920 च्या दोनचा तीन करतात, नाहीतर सरळ ओतीव नक्कल बनवतात.

अंक बदललेल्या नाण्यावर भिंगातून त्या अंकाभोवतीची जमीन बघा. आजूबाजूच्या सपाटीपेक्षा ती वेगळी दिसते: खरवडलेली, बारीक रेघांची किंवा उगाच चकचकीत. ओतीव नकलेची अक्षरं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी गोलसर असतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि वजन चुकतं. तरीही ही पेनी स्वतःच्या भरवशावर घेऊ नका. तज्ज्ञ संस्थेने तपासून सीलबंद केलेलीच घ्या, किंवा घेऊच नका.

1925 ची पेनी (सुमारे 1,17,600 पाडल्या गेल्या) आणि 1946 ची पेनी, ही परवडण्यासारखी दुर्मिळ नाणी. 1923 ची हाफपेनी त्याहून फसवी. सरकारी आकडा अकरा लाखांच्या वर आहे, पण त्यातली बरीचशी आधीच्या सालाच्या ठशाने पाडली गेली असावीत, कारण 1923 साल असलेली हाफपेनी बाजारात क्वचित दिसते. नुसता उत्पादनाचा आकडा पाहून नाण्याची किंमत ठरवणाऱ्याचे दात या हाफपेनीने पाडलेत.

आठवी पायरी: स्थिती बघायला शिका

एकाच सालाच्या दोन पेन्यांच्या किमतीत शंभरपट फरक असू शकतो, आणि तो सगळा झिजेचा. पाचव्या जॉर्जच्या नाण्यावर मुकुटाच्या खालच्या पट्ट्यातले मोती मोजतात. आठही मोती आणि मधला हिरा स्पष्ट असेल तर नाणं फारच चांगलं. पट्टाच सपाट झाला असेल तर सामान्य. सहाव्या जॉर्जच्या डोक्याला मुकुट नाही, तिथे कानावरचे केस आणि भुवई बघा.

रंगही बघा. टांकसाळीतून निघालेली पेनी नव्या हंड्यासारखी तांबडी असते, मग गुळासारखी होते, मग चॉकलेटी. तिन्ही नैसर्गिक. पण अवघं झिजलेलं नाणं आणि रंग मात्र गुलाबी, असं दिसलं की समजा कोणीतरी घासलंय.

नववी पायरी: चिंच लावू नका

हे मी अनुभवाने सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत 1917 ची एक हाफपेनी मिळाली, काळपट आणि अंगभर हिरवे ठिपके. आमच्या घरी दर सणाला देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासत. मी तेच केलं. चिंच, चिमूटभर मीठ, अंगठ्याने दोन मिनिटं. हाफपेनी लख्ख निघाली. मोठ्या कौतुकाने एका जुन्या संग्राहकाला दाखवायला नेली. त्याने भिंग लावलं, सुस्कारा टाकला आणि मला भिंग दिलं. सगळ्या पृष्ठभागावर केसासारखे ओरखडे, आणि शंभर वर्षांत तयार झालेला तो चॉकलेटी थर गेलेला. दोन महिन्यांत ती पुन्हा काळी पडली, पण डागाडागांनी, कुरूप. अजून पेटीत आहे. विकायची लाज वाटते आणि टाकवत नाही.

तर: चिंच नाही, लिंबू नाही, व्हिनेगर नाही, भांडी घासायची पावडर नाही, टूथपेस्ट तर नाहीच. चिकट मळ असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवा, खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून लांब, मग न चोळता हवेवर वाळवा. नेल पॉलिश काढायचं सुगंधी द्रव म्हणजे शुद्ध ॲसिटोन नव्हे.

हिरवा रंग दोन तऱ्हेचा असतो. कोरडा, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्या. पण बोटाला लागणारी फिकट हिरवी पूड म्हणजे नाणं जिवंतपणी खाल्लं जातंय. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं ते आपल्याला माहीत आहे. इथे नाणं स्वतःच कळकतं. असं नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं काढा.

ठेवायला मऊ प्लॅस्टिकची पाकिटं टाळा. पीव्हीसीच्या पाकिटातून काही वर्षांनी हिरवट चिकट द्रव सुटतो आणि तांब्याला तो फार लवकर धरतो. पारदर्शक खिडकीची पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटं किंवा कडक कॅप्सूल वापरा. मुंबई-कोकणात राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याआधी बदला. नाणं हाताळताना कडेनेच धरा. बोटाचा ठसा तांब्यावर आज दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसतो.

दहावी पायरी: कुठे घ्यायची, कशी नोंदवायची

ऑस्ट्रेलियात असाल तर रविवारचे बाजार, नाण्यांची प्रदर्शनं आणि स्थानिक नाणेसंग्राहक मंडळं. भारतात असाल तर मुंबई-पुण्यातली प्रदर्शनं चाळा. 'फॉरेन, मिक्स' लिहिलेल्या टोपल्यांत ही नाणी सापडतात आणि विक्रेत्याला टांकसाळीच्या खुणांशी सहसा देणंघेणं नसतं. ऑनलाइन घेताना दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो मागा. 'फोटोपेक्षा प्रत्यक्षात छान' असं लिहिलं असेल तर पुढे सरका.

एक कायद्याची गोष्ट. भारतात 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. कलकत्त्याची तिन्ही वर्षं आता त्या रेषेपलीकडे गेली आहेत. आजोबांच्या पेटीत 1917 ची पेनी सापडली तर सुटकेसमध्ये टाकून मेलबर्नला आणू नका, तिथेच राहू द्या.

प्रत्येक नाण्यामागे वहीत एक ओळ: साल, टांकसाळ, वजन, कधी, कुठून, केवढ्याला. माझी पहिली ओळ अशी आहे: 'पेनी, 1943, मुंबई, 9.38 ग्रॅम, बिस्किटांच्या डब्यातून.' दहाव्या ओळीत '1918 हाफपेनी' एवढंच लिहिलंय, पुढची जागा कोरी आहे.